चुकलेले रूळ पुन्हा अंथरताना

यंदाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय नको, आपल्या छंदाविषयी काही लिहा, अशी संपादक मंडळींची सूचना आली. माझा छंद छोट्या आगगाडीचा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. घरी येणारी मंडळी कौतुकाने गाडी पाहतात, इंजिनाची किंमत विचारतात आणि चहा घेऊन जातात. रुळांविषयी सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात गाड्यांविषयी न लिहिता रुळांविषयी, त्यातही चुकीच्या अंथरलेल्या रुळांविषयी लिहावे, असे मी ठरवले. गाडी विकत मिळते. रूळ मात्र आपले आपण अंथरावे लागतात, आणि त्यात होणारी चूकही आपली स्वतःची असते.

खेळाची ओळख

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या छोट्या रेल्वेचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी असे आहे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. खऱ्या जगातील १४३५ मिलिमीटरच्या ‘स्टँडर्ड गेज’चे हे लहान रूप होय. आपल्या भारतीय ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असल्यामुळे काटेकोर हिशेबाने आपल्याला १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे. परंतु तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय डब्यांची प्रतिरूपे करणारे बहुतेक हौशी लोक १६.५ मिलिमीटरवरच समाधान मानतात. अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकी येथे या छंदातील लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने चाके, रूळ आणि सांधे यांची मापे ठरवून दिल्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धावू शकते. आपल्याकडे हा छंद पाहायचा असेल, तर पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे.

माझी मांडणी अगदी साधी आहे. चार फूट बाय चार फुटांची दोन मेजे एकमेकांना जोडून आठ फूट लांबीचा फलाट केला. त्यावर लंबवर्तुळाकार एकेरी मार्ग, एक बाजूची लाईन आणि एका कोपऱ्यात डोंगर व बोगदा. वळणांची त्रिज्या वीस इंच. संपूर्ण फेरी पावणेसहा मीटरच्या आसपास होते. रूळ लवचीक प्रकारचे, म्हणजे प्रत्येकी तीन फूट लांबीचे आणि हव्या त्या वळणात वाकवता येणारे. डोंगर मात्र माझ्या व्यवसायाच्या सामग्रीतून उभा राहिला. जाळीच्या सांगाड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या पट्ट्या बसवल्या. मोडलेल्या हातापायांना ज्या पट्ट्या मी पस्तीस वर्षे बांधत आलो, त्याच या पट्ट्या.

डबे वेगवेगळे, जागा एकच

मांडणी पूर्ण झाली आणि पहिल्याच आठवड्यात मालगाडीचे डबे घसरू लागले. ते बोगद्यात घसरत, म्हणजे अपघात डोळ्यांसमोर होत नसे. इंजिन बाहेर येई, मागे दोन डबे येत, तिसरा आडवा होऊन अडके. त्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा नातू आमच्याकडे होता. डबे रुळांवर ठेवण्याचे काम त्याच्याकडे असल्यामुळे दोषही मी त्याच्याच माथी मारला. “तू चाके नीट रुळावर बसवत नाहीस, घाई करतोस,” असे मी त्याला एकदा नव्हे, तीन-चार वेळा ऐकवले. तो काही बोलला नाही. पुढे तो एकेक डबा डोळ्याजवळ नेऊन तपासून ठेवू लागला. तरीही डबे पडतच राहिले.

मग मी मोठ्यांचे उपाय केले. बोगद्याजवळ गाडीचा वेग कमी करण्याचा नियम घातला. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा डब्यांमध्ये वजन भरले. वजनाचा संकेत ठरलेला आहे. वर उल्लेखलेल्या अमेरिकन संघटनेच्या शिफारशीनुसार डब्याला सुमारे २८ ग्रॅम आणि त्याशिवाय लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम वजन असावे. सहा इंचांचा डबा या हिशेबाने ११३ ग्रॅमचा भरतो. मी त्याहून बरेच अधिक भरले. घसरणे थोडे कमी झाले, थांबले नाही. इंजिनाला मात्र गाडी ओढवेना.

एके दिवशी नातू शाळेची एक जुनी वही घेऊन आला. तिच्यात त्याने आठवडाभराची नोंद ठेवली होती: कोणता डबा, कितवा, गाडी कोणत्या दिशेने जात होती आणि कुठे पडली. वही माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “आजोबा, डबे सगळे वेगवेगळे आहेत. जागा मात्र एकच आहे. आणि गाडी उलटी फिरवली की पडतच नाही.”

या छंदातील निदानाचा पहिला नियम त्याने स्वतःच शोधून काढला होता. वेगवेगळे डबे एकाच जागी पडत असतील, तर दोष रुळात आहे. एकच डबा वेगवेगळ्या जागी पडत असेल, तर दोष त्याच्या चाकांत आहे. एकच डबा एकाच जागी पडत असेल, तर दोन्हीकडे थोडा थोडा दोष आहे आणि दोन्ही तपासावे लागतील. गाडी एका दिशेने पडते आणि उलट दिशेने पडत नाही, ही तर अधिकच नेमकी खूण होय. एका बाजूने येणाऱ्या चाकाला पायरी चढावी लागते, दुसऱ्या बाजूने येणारे चाक तीच पायरी उतरून निघून जाते.

निदान इतके सरळ असूनही मला ते सुचले नव्हते, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. वही पाहताच मला ती रात्र आठवली. त्या वळणावर दोन तुकड्यांचा जोड बसत नव्हता. उशीर झाला होता, पाठ दुखत होती. मी पकडीने जोर लावून रूळ कसाबसा बसवला, बोट फिरवल्यावर काहीतरी टोचले, ‘नंतर बघू’ असे मनाशी म्हटले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर डोंगर उभारला. पुढे आठवडाभर जे मी नातवाला ऐकवत होतो, ते त्या जोडाविषयी मला ठाऊक असूनही ऐकवत होतो.

मी त्याला जवळ बसवून सांगितले, की चूक माझी होती, तुझी नव्हती. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग आता डोंगर फोडायचा?” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून क्षमायाचनेचे ओझे बरेच हलके झाले.

डोंगराखाली काय सापडले

प्लास्टर कापायच्या कात्रीने डोंगराची एक बाजू उघडली. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन आत पाहिले. तिथे एक नव्हे, दोन दोष होते.

पहिला दोष जोडपट्टीचा. दोन रुळांची टोके पत्र्याच्या एका लहान जोडपट्टीत सरकवून जोडतात. रुळाचा तळ पट्टीच्या आत जायला हवा. माझ्या बाहेरच्या रुळाचा तळ आत न जाता पट्टीच्या वर चढून बसला होता. त्यामुळे तिथे जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची पायरी झाली होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. परंतु चाकाला रुळावर धरून ठेवणारी त्याची आतली कडच मुळी पाऊण मिलिमीटरहून कमी असते. हीच पायरी सत्त्याऐंशी पटीने मोठी करून खऱ्या रुळावर कल्पिली, तर ती चार सेंटिमीटरहून अधिक भरते. अशा मार्गावरून कोणता चालक गाडी नेईल?

दुसरा दोष कोनाचा. लवचीक रूळ मधल्या भागात सहज वाकतो, पण टोकाचे काही सेंटिमीटर सरळच राहू पाहतात. दोन सरळ टोके वळणावर एकत्र आली, की तिथे गोलाईऐवजी कोपरा तयार होतो. वरून पाहताना हा कोपरा डोळ्यांना सहसा जाणवत नाही. रुळाच्या पातळीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून लांबवर पाहिले, की तो लगेच दिसतो.

नेहमीच्या चुका आणि त्यांवरील उपाय

या निमित्ताने मी संपूर्ण मार्ग पुन्हा तपासला. जे सापडले आणि त्यावर जे केले, ते क्रमाने लिहितो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

वळणावरील जोड. तो टाळता येत असेल तर उत्तमच. टाळता येत नसेल, तर दोन तुकडे सरळ अवस्थेतच जोडून त्यांचा जोड सोल्डर करावा आणि मगच एकसंध रूळ म्हणून वाकवावा. म्हणजे कोपरा पडत नाही. सोल्डर करताना प्लॅस्टिकचे स्लीपर वितळण्याची भीती असते. जोडाच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिनी पकडण्याचे जुने चिमटे लावून ठेवले, की उष्णता त्यांत शोषली जाते आणि स्लीपर वाचतात. निवृत्त शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या कपाटात असे चिमटे भरपूर असतात. फ्लक्स मात्र राळेचे वापरावे. आम्लयुक्त फ्लक्सने रूळ कालांतराने गंजतात.

मेजांच्या सांध्यावरील उंचवटा. दोन मेजांपैकी एक किंचित वर असले, की रूळ तिथे कुबड काढतो. डब्यांमधील कपलिंग सुटणे हे त्याचे पहिले लक्षण. रुळावर पोलादी पट्टी उभ्या कडेवर ठेवून पाहावी. ती डुलली तर उंचवटा आहे, खालून प्रकाश दिसला तर खळगा आहे. उंचवटा असेल तर रूळ उचलून खालचे कॉर्क पॉलिश पेपरने घासावे. खळगा असेल तर पत्त्याच्या कागदाचे तुकडे खाली सरकवावे.

आडवा कल. एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली गेला, की डब्याच्या चार कोपऱ्यांपैकी एक चाक अधांतरी राहते आणि पुढच्या वळणावर रुळावर चढते. खरी रेल्वे वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवते, पण ती उंची हळूहळू वाढवत नेते. अचानक आलेली पिळवट खऱ्या गाडीलाही घातकच. लहान पाणसळ दोन्ही रुळांवर आडवी ठेवून वितीवितीच्या अंतराने सरकवत नेली, तर हा दोष पाच मिनिटांत सापडतो.

खिळे फार खोल ठोकणे. ही चूक उत्साही माणसाची. स्लीपरच्या मधोमध ठोकलेला खिळा अधिक आत गेला, की स्लीपर मध्ये दबतो, दोन्ही रूळ आतल्या बाजूला कलतात आणि त्यांच्यातील अंतर कमी होते. चाके मग रुळांच्या वर चढून चालतात. मापाच्या पट्टीने अंतर तपासावे, खिळा किंचित वर ओढावा. चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतरही साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास आहे ना, ते त्याच वेळी पाहून घ्यावे.

उलटसुलट वळणे. डावे वळण संपताच लगेच उजवे वळण सुरू झाले, की लांब डब्यांची टोके विरुद्ध दिशांना जातात आणि कपलिंग एका डब्याला बाजूला खेचते. मध्ये निदान सर्वांत लांब डब्याइतका सरळ तुकडा असावा. आपल्या प्रवासी डब्याची या प्रमाणातील लांबी २५ ते २७ सेंटिमीटर होते, यावरून अंदाज येईल.

सरळ मार्गावरून एकदम वळण. सरळ रूळ आणि पूर्ण वळण यांच्यामध्ये हळूहळू वाढत जाणारी वक्रता असावी. भारतीय रेल्वे यासाठी गणितातील ‘क्युबिक पॅराबोला’ वापरते. आपल्याला गणित मांडण्याची गरज नाही. लवचीक पोलादी पट्टी सरळ मार्गावर घट्ट धरून दुसरे टोक वळणाकडे वाकवले, की ती स्वतःच जवळजवळ तीच रेषा काढून देते.

सांध्यांची टोके. मार्ग बदलणाऱ्या सांध्याची निमुळती पाती मुख्य रुळाला पूर्ण चिकटली नाही, तर चाकाची कड त्या फटीत शिरते. पातीचे टोक बारीक कानशीने घासून धारदार करावे, फटीत खडीचा कण अडकला असल्यास काढावा. सांधा बोगद्यात किंवा दोन मेजांच्या जोडावर कधीही बसवू नये. हलणाऱ्या भागाजवळ गोंदही लावू नये. माझा एक सांधा या शेवटच्या चुकीपायी कायमचा गेला.

ऋतुमानाचा परिणाम. आपल्याकडे याचे महत्त्व फार. हे रूळ ‘निकेल सिल्व्हर’चे असतात. आपल्या घरच्या जुन्या जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांप्रमाणे त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू होय. तापमान २५ अंशांनी वाढले, तर माझा पावणेसहा मीटरचा मार्ग साधारण अडीच मिलिमीटरने वाढतो. त्यात पावसाळ्यात प्लायवूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जानेवारीत घट्ट जोडलेले रूळ मे महिन्यात बाजूला फुगून येतात. म्हणून थंडीत रूळ अंथरताना सरळ भागातील जोडांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवावी. उन्हाळ्यात अंथरताना रूळ भिडवले तरी चालतात. प्लायवूडला खालून-वरून आणि कडांनाही रंग द्यावा, म्हणजे ते दमट हवा कमी शोषते.

विजेचा प्रवाह. गाडी काही ठिकाणी मंदावत असेल, तर रूळ वाकडा आहे असे लगेच समजू नये. जोडपट्ट्या कालांतराने सैल आणि काळ्या पडतात आणि प्रवाह नीट जात नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तारांची जोडी द्यावी. वळणावरचे जोड सोल्डर केलेले, सरळ भागातले जोड फट ठेवून मोकळे आणि सर्वांना तारा, अशी व्यवस्था केली, की प्रसरणाला जागाही राहते आणि प्रवाहही अखंड मिळतो. मार्ग स्वतःलाच वळून येऊन मिळत असेल, तर उजवा रूळ डाव्या रुळाला भिडून शॉर्ट सर्किट होते. अशा वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून विजेपासून अलग करावे लागतात आणि त्या भागाची वीज उलटवण्याची वेगळी सोय करावी लागते.

रूळ उचलण्याची रीत

चूक सापडली, तरी रूळ उपटून काढू नये. पांढऱ्या लाकडी गोंदाने बसवलेली खडी आणि रूळ कोमट पाण्याने सुटतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकावा, म्हणजे पाणी खडीत झिरपते. पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मग रंगाऱ्याची पातळ पट्टी स्लीपरांखाली आडवी सरकवत न्यावी. बोटांनी रूळ वर ओढला, तर तो उभ्या दिशेने वाकतो आणि तसा वाकलेला रूळ पुन्हा कधीच पूर्ण सरळ होत नाही. ज्यावर जलरोधक गोंद वापरला असेल, तिथे मात्र पाण्याचा उपयोग होत नाही आणि खालच्या कॉर्कसह तुकडा कापून काढावा लागतो. रूळ कापताना डोळ्यांवर चष्मा असावा. कापण्याची चकती तुटून उडते, आणि नेत्रतज्ज्ञ मित्रांना उगाच काम देऊ नये.

कापलेल्या टोकाची धार कानशीने घासावी. आतली वरची कड किंचित उतरती करावी. सैल झालेली जुनी जोडपट्टी पुन्हा न वापरता नवी घ्यावी. रूळ आत सरकल्यावर भिंगातून पाहून खात्री करावी, की दोन्ही रुळांचे तळ पट्टीच्या आतच आहेत. मग डोळे मिटून बोटाचे नख रुळावरून फिरवावे. नखाला जे कळते, ते पुष्कळदा डोळ्याला कळत नाही. त्यानंतर सर्वांत हलका आणि सर्वांत खोडकर डबा हाताने ढकलून पाहावा, दोन्ही दिशांनी. शेवटी संपूर्ण गाडी मागे ढकलत न्यावी. ओढताना जो दोष लपतो, तो ढकलताना उघडा पडतो. आठवडाभर गाडी बिनतक्रार चालली, तरच खडी टाकावी. डोंगर त्याहूनही नंतर.

आमच्या बोगद्यातील वळणाचे हे काम दोन दिवस चालले. मी रूळ धरला, नातवाने नख फिरवले. “अजून टोचतंय,” असे तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याचेच खरे होते. तिसऱ्या वेळी त्याने मान हलवली, तेव्हाच मी सोल्डरची बत्ती हाती घेतली.

गायकवाडी रूळ

आपण बडोदेकरांनी हा धडा फार पूर्वीच पाहिलेला आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील अरुंद रुळांच्या मार्गांपैकी तो अगदी पहिला गणला जातो. परंतु टाकलेले रूळ इतके हलके होते, की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. म्हणून रुळांवरची ती गाडी बैल ओढत. संस्थानाला गाडी बैलांवरच चालवत राहता आली असती. लोकांना तेवढ्याचेही अप्रूप होते. पण १८७३ साली त्याच मार्गावर अधिक भक्कम रूळ टाकण्यात आले आणि इंजिनांसाठी वाट मोकळी झाली. पुढे डभोईभोवती या रुळांचे केवढे मोठे जाळे पसरले, ते जुन्या मंडळींना ठाऊकच आहे.

डब्यांत वजन भरताना आणि बोगद्याजवळ वेग कमी करताना मी वेगळे काय करत होतो? रूळ न बदलता बैल जुंपत होतो, एवढेच.

व्यवसायातील एक आठवण

अस्थिरोगाच्या व्यवसायात वाकडे जुळलेले हाड घेऊन रुग्ण येतो, तेव्हा नातेवाइकांची पहिली विनंती हीच असते, की मालिश, पट्टा, व्यायाम यांनी काही होते का ते पाहा, पुन्हा मोडू नका. काही वेळा तसे भागतेही, आणि जिथे भागते तिथे हात लावू नये हेच शहाणपण. पण जिथे सांध्यावर तिरपा भार पडून तो झिजणारच आहे, तिथे हाड पुन्हा कापून सरळ बसवण्यावाचून गत्यंतर नसते. हे मी कितीतरी जणांना समजावून सांगितले. पहिली बसवणी दुसऱ्या कोणाची असली, की हे सांगणे सोपे जाते. स्वतःच्या हातची असली, की जीभ जड होते, आणि मग आपणही मालिश आणि पट्टा यांचीच भाषा बोलू लागतो. शिवाय अशा वेळी हाताखालच्या उमेदवार डॉक्टरकडे बोट दाखवण्याचा मोह किती सहज होतो, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना सांगायला नको. मी त्या मोहात कधीच पडलो नाही, असे मला वाटत असे. दहा वर्षांच्या मुलाच्या वहीने तो समज दुरुस्त केला.

शेवटी

नवा डोंगर आम्ही झाकणासारखा उचलता येईल असा केला आहे, आणि मेजाच्या खालून हात घालता येईल एवढे भगदाडही ठेवले आहे. जिथे हात पोहोचत नाही तिथे रूळ नेऊ नये, हा या छंदातला मोलाचा नियम मी उशिरा शिकलो. डब्यांमधील जास्तीचे वजन काढून टाकले. इंजिन आता सहज ओढते. नातू सुट्टी संपवून परत गेला, जाताना वही माझ्याकडे ठेवून गेला. ‘गाडी पडली की लिहून ठेवा, म्हणजे मला कळेल,’ अशी ताकीदही देऊन गेला. त्याच्या हस्ताक्षरातील नोंदींखाली आता माझ्या नोंदी सुरू झाल्या आहेत. त्या पानांवर सांध्याच्या पातीपाशी झालेली एक घसरण आहे, पावसाळ्यात फुगलेल्या प्लायवूडमुळे झालेल्या दोन आहेत. बोगद्यातील वळणाची एकही नाही.

कोणाच्या माळ्यावर मुलांच्या लहानपणीची एखादी गाडी घसरते म्हणून गुंडाळून ठेवलेली असेल, तर ती जरूर खाली काढावी. बहुधा गाडी चांगलीच असेल. रूळ तपासावे. आणि तपासताना घरातील एखादे लहान मूल शेजारी बसवावे. बोटाचे नख त्यांचे अधिक चांगले चालते.